२१ दिवस, चार पोरं आणि एक गोणपाट

आमच्या गुजरातेत शाळांना दिवाळीची २१ दिवस सुट्टी असते. पुण्याहून माझ्या भाच्याची तीन मुलं वसुबारसेच्या आसपास बडोद्याला येतात आणि पांडवपंचमी उलटल्यावर जातात. थोरला १२ वर्षांचा, मधली ९, शेंडेफळ ५. शिवाय समोरच्या बेनचा १० वर्षांचा नातू. तो सकाळी दात घासून येतो आणि रात्री झोपायलाच घरी जातो. दांडियाबाजारातलं जुनं घर, मी एकटी, आणि ही चौघं. शाळेच्या ग्रंथालयात ३२ वर्षं काढली असल्यामुळे पोरांच्या गोंगाटाचं मला काही वाटत नाही. मला धडकी भरते ती शांततेची, कारण तिच्या पाठोपाठ ‘आत्याआजी, आता काय करू?’ येतं.

पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं कार्डशीटवर वेळापत्रक केलं होतं. नऊ ते दहा चित्रं, दहा ते अकरा ओरिगामी, अकरा ते बारा शब्दकोडं. तिसऱ्या दिवशी मीच आडवी झाले. मुलं पंगतीत वाढप्याची वाट बघत बसावं तशी बसून, पुढचा पदार्थ कधी येतो म्हणून माझ्या तोंडाकडे बघायची. तेव्हापासून तासातासाचं काही देत नाही. एकच मोठं, चिखलाचं, आठवडाभर पुरणारं काम काढते. रात्री ते अर्धवट राहिलं पाहिजे, म्हणजे सकाळी दुधाच्या आधी पोरं आपणहून तिकडे धावतात. आमच्याकडे ते काम म्हणजे किल्ला.

सामान धनत्रयोदशीच्या आत घरात हवं. पाडव्याला इथे बेसतुं वर्ष, म्हणजे गुजराती नवं वर्ष, आणि त्यानंतर बरीचशी दुकानं लाभपाचमेपर्यंत उघडत नाहीत. गेरू संपला की संपला. एक मोठं गोणपाट, दहा-बारा विटा, फुटक्या कुंड्या, दोन घमेली माती, नारळाच्या करवंट्या, गेरू, रांगोळी, चिरोडीचे रंग आणि आळीव, एवढ्यावर भागतं. आळीव मागताना जपा. मी पहिल्यांदा किराणावाल्याकडे ‘आळीव द्या’ म्हटलं, त्यानं ‘अळसी’ ऐकलं आणि पाव किलो जवस बांधून दिलं. इथे ‘अशेळियो’ म्हणायचं.

आळीवच का, हे सांगते. मोहरी पेरली की पहिल्या शिंतोड्याला घरंगळून पायथ्याशी जमा होते. किल्ल्याचं टक्कल तसंच राहतं आणि खाली दाट जंगल माजतं. आळीव भिजलं की त्याला बुळबुळीत चीक सुटतो, त्यामुळे ते उभ्या चढावरही चिकटून बसतं. दोन दिवसांत मोड दिसतात, पाच-सहा दिवसांत चांगली हिरवळ होते. म्हणजे लक्ष्मीपूजनाला हिरवा डोंगर हवा असेल तर पेरणी वसुबारसेच्याही एक-दोन दिवस आधी व्हायला हवी. तोवर पुण्याची मंडळी आलेली नसतात. म्हणून डोंगर मी आणि बेनचा नातू उभा करतो, आणि तटबंदी, गुहा, पायऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. एका वर्षी सगळ्यांनी मिळून करायचं म्हणून थांबले होते. भाऊबीजेपर्यंत किल्ला बोडकाच होता.

जागा ओट्याच्या कोपऱ्यातली घ्या, साधारण चार फूट बाय तीन. अगाशीवर करू नका. चिखल मोरीत जातो आणि मग पावसाळ्यात रडायची वेळ येते. विटा आणि कुंड्या रचून उंचसखल आकार करायचा. मोठा सुळका एकाच बाजूला ठेवा. मधोमध ठेवलात तर किल्ल्याचा लाडू होतो. माती चाळून डोशाच्या पिठाइतकी पातळ कालवायची, गोणपाट तिच्यात बुडवून विटांवर पांघरायचं आणि घड्या हातानं दाबत दऱ्या काढायच्या. वर दाट चिखलाचा एक हात. अर्धा दिवस सुकू द्यायचं, मग आळीव भुरभुरायचं. पाणी तांब्यानं ओतायचं नाही, हातानं शिंपडायचं किंवा इस्त्रीच्या फवाऱ्यानं मारायचं. आमच्या शेंडेफळानं एकदा प्रेमानं बादली उपडी केली होती. सगळा बालेकिल्ला पायथ्याला येऊन बसला.

त्या दिवसापासून आमच्याकडे खाती आहेत. शेंडेफळाकडे पाणीपुरवठा, म्हणजे फवारा त्याचा आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. थोरल्याकडे बांधकाम. बेनच्या नातवाकडे यंत्रं. मधली बखर लिहिते. रोज काय बांधलं, काय पडलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं जुन्या हिशेबाच्या वहीत. गेल्या वर्षीची एक नोंद अशी: ‘आज शत्रूचे मांजर बुरुजावर निजले. तोफ डागून उपयोग नाही.’ खातं दिलं की भांडणं थांबतात असं नाही, पण ती वरिष्ठांकडे कमी येतात.

कोणता किल्ला करायचा यावर दरवर्षी जुंपते. थोरल्याला राजगड हवा असतो. बेनच्या नातवाला पावागड, कारण हवा स्वच्छ असली की तो आमच्या अगाशीवरून दिसतो आणि त्याला रोपवे आहे. ‘किल्ल्याला कुठे रोपवे असतो?’ असं थोरला पुणेरी सुरात म्हणाला. ‘रायगडला आहे की,’ मी म्हटलं. मग तो काही बोलला नाही. माझं स्वतःचं मत सोनगडाला. गायकवाडांची पहिली गादी तिथली, आणि बडोद्यात राहून त्याचा किल्ला कुणी करत नाही. पण माझं मत अजून एकदाही निवडून आलेलं नाही.

रोपवे मात्र जरूर करा, तीन दुपारी सहज जातात. दोऱ्याची दोन रिकामी रिळं घ्यायची. एक सुळक्यावर काडीत बसवायचं, दुसरं पायथ्याशी पेन्सिलीवर. दोघांभोवती साध्या सुती दोऱ्याचा गोल फेरा घालायचा, त्याला काड्यापेटीचं खोकं बांधायचं आणि पेन्सिल फिरवायची. दोरा रिळावर घसरायला लागला, आणि तो घसरतोच, तर रिळाला रबरबँड गुंडाळा. हा उपाय मी सांगितला नव्हता. बेनच्या नातवाला तो दीड दिवसानं सुचला, आणि तो दीड दिवस मी तोंड मिटून झोपाळ्यावर बसले. या सगळ्यातलं अवघड काम तेवढंच.

मावळे पुण्याहून येतात, कागदात गुंडाळून. काही आम्ही इथेच कुंभाराच्या मातीचे करतो. त्यांची तोंडं बटाट्यासारखी होतात. चालतं. करवंटी अर्धी पुरली की गुहा, स्टीलच्या ताटलीत पाणी घातलं की तळं, आइस्क्रीमच्या काड्या ओल्या चिखलात दाबल्या की पायऱ्या. पणत्या गोणपाटापासून हातभर लांब ठेवा. सुकलेलं गोणपाट पेट घेतं, ही एक गोष्ट मात्र मी दटावून सांगते.

किल्ल्याला सकाळ आणि संध्याकाळ लागते. खरा वैरी म्हणजे दोन ते चारची वेळ. ऊन अजून चटका देत असतं आणि मोठ्यांना डुलकी हवी असते. त्या वेळेसाठी माझ्याकडे एक पेटी आहे. कल्पना माझी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली, आणि पुढे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या बडोद्याहून खेडोपाडी फिरायच्या. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत वडील मला लहानपणी न्यायचे. तिथल्या काचेच्या जमिनीखालून वरच्या मजल्यावर चालणारी पावलं बघत मी तासभर मान वर करून उभी राहायचे.

माझी पेटी म्हणजे जुनी पत्र्याची ट्रंक. दोनला उघडते, चारला बंद होते. एकानं एकच वस्तू घ्यायची, ती परत आल्याशिवाय दुसरी नाही. आत चार-पाच गोष्टींची पुस्तकं, भिंग, बटणांचा डबा, सागरगोटे, आणि एक बंद कुलूप व २७ किल्ल्यांचा जुडगा. त्यातली एकच लागते. कोणती ते मलाही आठवत नाही, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नाही. सगळ्यात जास्त चाललेली वस्तू म्हणजे मोडी अक्षरांचा एक कागद. थोरल्यानं आणि मधलीनं दोन दिवसांत त्याची गुप्त लिपी केली आणि किल्ल्यावरून खलिते सुटायला लागले. आईबापांना वाचता येत नाहीत म्हटल्यावर तर काय विचारता! एक खलिता माझ्याबद्दल होता. मला मोडी येते हे ती विसरली होती. मीही आठवण करून दिली नाही.

पेटीला कंटाळली तर पत्ते. पाच वर्षांच्याला गाढव आणि बदाम सात जमतं, झब्बूला त्याला मोठ्या कुणाचा तरी भिडू करून घ्या. मोबाइल आमच्याकडे रात्री जेवणानंतर अर्धा तास. त्यावर मी वाद घालत नाही, माझ्या घरचं वायफाय तसंही मधल्या खोलीपलीकडे पोचत नाही.

फराळाच्या दिवशी पोरांना हाकलू नका, कामाला लावा. शंकरपाळी त्यांची. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, आणि मावेल तेवढा मैदा. ‘मावेल तेवढा म्हणजे किती?’ या प्रश्नावर मधलीनं वाट्या मोजून बखरीत आकडा लिहून ठेवला. आमच्या घराण्यात हे मोजमाप पहिल्यांदाच झालं. कातणं प्रत्येकाला आळीपाळीनं. आकार वेडेवाकडे येतात आणि लहान तुकडे आधी करपतात, म्हणून तळताना ते वेगळे काढा. शेगडीपासून चार फुटांवर मी खडूची रेघ ओढते. ती ओलांडली की त्या दिवशी कातणं नाही.

इथल्या सणाचाही फायदा घ्या. काळी चौदसला, म्हणजे नरकचतुर्दशीला, समोरच्या बेन ककळाट, म्हणजे घरातली कटकट, बाहेर काढतात. वडे घेऊन चाररस्त्यावर जायचं, ते ठेवून भोवती पाणी फिरवायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. आमची चौघंही त्यांच्यामागे जातात, आणि मागे न बघण्याच्या धडपडीत एकमेकांवर आपटतात. बेसत्या वर्षाच्या पहाटे ‘सबरस’ म्हणत मीठ विकणारी पोरं दारावर येतात. दोन वर्षांमागे आमचीही एक पुडी घेऊन पाचला गल्लीत फिरली. १४ रुपये मिळाले, चौघांत वाटणी करताना दोन उरले, त्यावर दिवसभर खलबतं.

पण खरी कसोटी भाऊबीजेनंतर. फटाके संपलेले, दुकानं बंद, चिवडा मऊ पडायला लागलेला. त्या दिवसांसाठी काहीतरी मागे ठेवलंच पाहिजे. मी देवमासा ठेवते. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, ७० फुटांच्या वर लांब. सणाच्या दिवसांत म्युझियम बंद असू शकतं, म्हणून आधी चौकशी करून एक सकाळ तिथे जाते, आणि घरी आल्यावर एवढंच विचारते, ‘आपल्या गल्लीत मावेल का?’ सुतळीला फुटाफुटावर गाठी मारण्यात एक दुपार जाते. दुसऱ्या सकाळी खडूनं देवमासा काढायचा. आमच्या ओट्यापाशी डोकं ठेवलं तर शेपूट थेट इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी गेलं. त्यानं टपरीतून बाहेर येऊन विचारलं, ‘आ शुं छे?’ आणि शेंडेफळानं त्याला मराठीत सगळं समजावलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतली आणखी सहा पोरं पोटात बसून पत्ते खेळत होती.

जायच्या आदल्या दिवशी लढाई होते आणि किल्ला पडतो. माती तुळशीच्या कुंड्यांत, विटा जिन्याखाली, गोणपाट धुऊन कडक उन्हात, नाहीतर पुढच्या वर्षी त्याला कुबट वास येतो. मातीची चित्रं, म्हणजे मावळे आणि प्राणी, एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि यादी मधलीच्या हातून करून खोक्यावर चिकटवायची. गेल्या वर्षी गाडी सुरतेलाही पोचली नसेल, तोच शेंडेफळाचा फोन आला. वाघ शेळीबरोबर ठेवलास की वेगळा? खोकं परत उघडून बघावं लागलं. एकत्रच होते.