जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकसाठी दुसरं इंजिन शोधताना

नाकावर तारा असलेला टाटा-मर्सिडीज ट्रक म्हणजे टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) आणि डायम्लर-बेंझच्या १९५४ ते १९६९च्या कराराच्या काळातला. त्यातलं ओएम ३१२ हे इंजिन सहा सिलिंडरचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२० मिमी, साधारण ४.६ लिटर. नंतरच्या टाटा ६९२ इंजिनाचा बोअर ९२ झाला, स्ट्रोक तोच राहिला. घराणं एकच, म्हणून ६९२ हा जवळचा पर्याय. तरी बेल हाउसिंगचे (फ्लायव्हील-क्लचवरच्या कव्हरचे) बोल्ट, माउंटिंगमधलं अंतर आणि सम्पचा (खालच्या ऑइलच्या टाकीचा) आकार टेपने मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. हीटर प्लगवालं हेड डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये उडवणाऱ्या) इंजिनाच्या ब्लॉकवर चढवायच्या भानगडीत तर पडूच नका.

पण आधी आपलंच इंजिन बघा. जाम झालं म्हणजे मेलं असं नाही. डिझेल उडवणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओता, आठवडाभर मुरू द्या, मग फ्लायव्हीलवरून पहारीने हळूहळू मागेपुढे करा. स्टार्टरचा जोर लावलात तर रिंगा तुटतात.

कोकणात सर्वांत सहज मिळतं ते बोटीतून काढलेलं इंजिन. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, कुठेही विचारा. भाव कमी असतो, पण त्याला कारण आहे. थंड करायला खारं पाणी फिरलं असेल किंवा हीट एक्स्चेंजर गळला असेल, तर वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी) आतून खाल्लेलं असतं. बाहेरून नवा रंग मारलेला असतो, त्यावर जाऊ नका. बाजूचे दोन-तीन वेल्च प्लग (ब्लॉकची भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढायला लावा आणि स्क्रूड्रायव्हरने आतली भिंत खरवडा. खपल्यांचे थर निघत असतील तर उठून चालू लागा. अशा ब्लॉकला वेल्डिंग टिकत नाही. विक्रेता प्लग काढू देत नसेल, तरी उत्तर मिळालंच.

बोटीच्या किंवा जनरेटरच्या इंजिनाचा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) आणि फ्लायव्हील ट्रकला जसेच्या तसे चालतील असं धरू नका. डिझेल पंप आपल्या जुन्या इंजिनाचाच राखून ठेवा. चिऱ्याच्या खाणीवरच्या जुन्या डंपरचं इंजिन घासलेलं असतं, पण गोड्या पाण्यावर चाललेलं. मला तेच जास्त पटतं.

ब्लॉक ठीक वाटला तर घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्या. ब्लॉकची प्रेशर टेस्ट, क्रँकची क्रॅक टेस्ट आणि जर्नलची (क्रँकवर बेअरिंग बसतात त्या भागांची) मापं घ्या. क्रँक आधीच १.०० मिमी अंडरसाइझ (घासून मूळ मापापेक्षा तितका बारीक केलेला) असेल, तर दुसरा क्रँक शोधायचा खर्च भावातून कापून घ्या.

आरटीओची मंजुरी इंजिन चढवण्याआधी घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, ब्लॉकवरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप काढा, आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत मागा. नंबर घासलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी घेऊ नका.