पाइक्स पीकचा चढ आणि एका जेटचा घोळ

कोलोरॅडोत शिकायला येणारी मराठी मुलं अजून विचारतात, हिल क्लाइंबच्या, म्हणजे डोंगर चढत जाणाऱ्या शर्यतीच्या, टीममध्ये मेकॅनिक म्हणून शिरायचं कसं? आधी वाईट बातमी. तिथल्या पाइक्स पीक डोंगरावरच्या शर्यतीत २०१९ नंतर मोटरसायकली नाहीत. त्या वर्षी कार्लिन डन शिखर अगदी जवळ आलेलं असताना पडला आणि गेला. २०१२ मध्ये तिथं दुचाकीवर दहा मिनिटांच्या आत पहिल्यांदा पोहोचलेला हाच माणूस. हे वाचून मागे फिरावंसं वाटलं तर खुशाल फिरा. बाकीच्यांसाठी इटली, ऑस्ट्रिया, फ्रान्स, ब्रिटनमध्ये दुचाकींच्या चढाच्या शर्यती आहेत, आणि पाइक्स पीकवर मोटारींच्या टीमनाही हात कमीच पडतात.

तिथली सुरुवातच २,८६२ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी बाराशे मीटर. पुढे वीस किलोमीटर, १५६ वळणं, शेवट ४,३०२ मीटरवर. हवेचा दाब खाली समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के, वर ६०. हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे त्यातल्या बारीक भोकातून, येणारं पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी; प्लग काळे पडतात, गाडी गुदमरते. म्हणून वर लहान मेन जेट हवा. तोच खाली ठेवला तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी; इंजिन तापतं, पिस्टनला भोक.

एवढं तुम्हाला ठाऊक असेल. गोम सरावात आहे. सरावाला अख्खा रस्ता मिळतच नाही. एक दिवस वाटेतल्या ग्लेन कोव्हपर्यंत, एक दिवस तिथून आणखी वर डेव्हिल्स प्लेग्राउंड, एक दिवस तिथून शिखर. तेही उजाडताच, पर्यटकांसाठी रस्ता उघडायच्या आत. रोज त्या तुकड्याचा जेट बसवायचा, रोज गाडी सुरेख पळते, रोज टीम खूश. शर्यतीला मात्र एकच जेट, एकच फेरी आणि सगळा डोंगर. आमची गाडी डेव्हिल्स प्लेग्राउंडच्या वर उचलेचना. सरावातल्या सुंदर वेळांची बेरीज कागदावरच राहिली.

तेव्हा शर्यतीचा जेट आधी ठरवा आणि तिन्ही तुकड्यांत तोच चालवा. वरची वेळ वाईट येईल, शेजारच्या तंबूतले हसतील. हसू द्या. प्रत्येक धावेनंतर प्लग काढून रंग बघा. खालच्या भागात प्लग पांढरा दिसला तर जेट मोठा करा आणि वरचं गुदमरणं सोसा.

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवेचा दाब धावताना वाचत राहतो की चावी फिरवल्यावर एकदाच, हे विचारा. सरावात प्रत्येक तुकड्याच्या तळाशी चावी नव्यानं फिरते, म्हणून एकदाच वाचण्याचा दोषही लपतो.

लॅपटॉप उघडून ‘ईसीयूत फाइल टाकून देतो’ म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. चिडका चालेल, पण तापमान नि दाब वहीत लिहिणारा जुना मेकॅनिक धरा. तो सुरुवातीला नुसती चेन साफ करायला लावेल. करा.

वर डोकं दुखेल, धाप लागेल, पाना हातातून पडेल. त्यावरून स्वतःची लायकी ठरवू नका, ती उंची आहे. काही दिवस आधी जा, पाणी पीत राहा. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, खरंच.

ताम्हिणीत रविवारी गाडी वाकवता, हे मात्र अर्जात लिहू नका. तिथं समोरून एसटी येते, आणि उघड्या रस्त्यावर टायमिंग घेणाऱ्याला शहाणी टीम उभी करत नाही. त्यापेक्षा स्वतः जुळवलेल्या एका कार्ब्युरेटरचे जेट नंबर आणि प्लगचे फोटो जोडा.