ट्विस्ट रेट जुळवताना ग्रेन नंतर, आधी बुलेटची लांबी बघा

1:9 ट्विस्ट म्हणजे रायफलच्या बॅरलमधल्या (नळीतल्या) खाचा, ज्या बुलेटला फिरवून स्थिर ठेवतात, त्या 9 इंचात एक पूर्ण फेरा मारतात. आकडा लहान तितका पीळ जास्त, नवीन लोक इथंच उलटं समजतात. आणि सगळे विचारतात किती ग्रेनची (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं एकक) बुलेट चालेल, पण बॅरलला वजनाशी फारसं देणंघेणं नाही, त्याला लांबी कळते. एकाच कॅलिबरमध्ये (व्यासात) जड बुलेट लांब असते म्हणून ग्रेनवर भागून जातं एवढंच. पूर्ण तांब्याची बुलेट घेतली की हा हिशोब फसतो, तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाला बुलेट लांब होणार आणि पीळ जास्त लागणार.

बॅरलवर ट्विस्ट कोरलेला नसेल तर मोजा. रायफल रिकामी आहे ना ते चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) बोट घालून बघा, बोल्ट काढा, मग हँडलमध्ये मोकळा फिरणारा क्लीनिंग रॉड घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून थोडा आत सारा आणि रॉडच्या वरच्या बाजूला खूण करा. हळूहळू ढकलत राहा, खूण गोल फिरून परत वर आली की रॉड जितके इंच आत गेला तो तुमचा ट्विस्ट. पॅच घसरला तर आकडा चुकतो, म्हणून दोन-तीनदा मोजा.

आता हिशोब. ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाचं सूत्र 1879 चं आहे पण शिशाच्या गाभ्याच्या बुलेटला अजून कामाचं: व्यासाचा वर्ग गुणिले 150, भागिले लांबी म्हणजे लागणारा ट्विस्ट, सगळं इंचात. वेग 2800 फूट प्रति सेकंदाच्या वर असेल तर 150 ऐवजी 180 धरतात. .224 इंच व्यासाची 0.9 इंच लांब बुलेट घ्या, 180 ने उत्तर 10 च्या आसपास येतं, म्हणजे 1:9 ला निवांत चालेल, 1:12 ला नाही.

.223 मध्ये (हीच .224 इंची बुलेट वापरणारं काडतूस) साधारण 1:12 ला 55 ग्रेनपर्यंत, 1:9 ला 69 पर्यंत, 77 साठी 1:8 किंवा 1:7.

पीळ कमी पडला की बुलेट डगमगते आणि टार्गेटवर गोल भोकाऐवजी लांबट, आडवी भोकं दिसतात, मग स्कोपला शिव्या देऊन उपयोग नाही. जास्त पिळाचा त्रास त्यामानाने कमी, फक्त पातळ जॅकेटच्या (बाहेरच्या धातूच्या कवचाच्या) हलक्या बुलेट फार वेगात हवेतच फुटू शकतात. काठावरचं उत्तर आलं तर जास्त पिळाकडे झुका, कारण थंड हवा दाट असते आणि उन्हाळ्यात चाललेलं कडाक्याच्या थंडीत बिघडतं, अमेरिकी लष्कराच्या सुरुवातीच्या एम-16 रायफलचा 1:14 याच कारणाने 1:12 करावा लागला होता.