गेम आणि काम एकाच प्रोसेसरवर: या चुका टाळा

कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे स्वतंत्र भाग) जास्त म्हणजे सगळंच वेगवान, हा समज सगळ्यात महागात पडतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर (म्हणजे प्रोसेसरवर) रेंडर करणाऱ्याला किंवा मोठा कोड कंपाइल करणाऱ्याला १६ कोअर पुरेपूर वापरता येतात. फोटोशॉपमध्ये त्यातले बरेचसे रिकामे बसतात. गेमला तर कोअरच्या संख्येपेक्षा मोठा कॅश (प्रोसेसरमधलीच अतिवेगवान मेमरी) जास्त मानवतो. म्हणूनच एएमडीचा ८ कोअरचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा जास्त किमतीला बाजारात आलेल्या १२ कोअरच्या ९९००एक्स३डीला बहुतेक गेममध्ये भारी पडतो. ९९००एक्स३डीचे कोअर सहा-सहा असे दोन चिपलेटमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपमध्ये) वाटलेले आहेत आणि वाढीव कॅश त्यातल्या एकाच चिपलेटवर आहे. दोन्ही कामं खरोखरच जड असतील तर थेट १६ कोअरचा ९९५०एक्स३डी घ्या. मधला पर्याय आम्ही सुचवणार नाही.

पण ९९५०एक्स३डी नुसता बसवून भागत नाही. त्यातही वाढीव कॅश आठच कोअरना आहे. गेम दुसऱ्या चिपलेटवर गेला की एफपीएस (दर सेकंदाच्या फ्रेम) घसरतात, आणि लोक उगाच ग्राफिक्स कार्डावर संशय घेतात. गेम चालू ठेवून विंडोजमधल्या रिसोर्स मॉनिटरचा सीपीयू टॅब उघडा: दुसऱ्या चिपलेटचे कोअर ‘पार्क्ड’ (म्हणजे विश्रांतीत) दिसायला हवेत. दिसत नसतील तर बायोस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, एएमडीच्या साइटवरून चिपसेट ड्रायव्हर टाका, विंडोज आणि गेम बार अद्ययावत करा, पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’ ठेवा. एखादा गेम तरीही ओळखला जात नसेल तर विंडोज+जी दाबून गेम बारच्या सेटिंग्जमध्ये ‘रिमेंबर धिस इज अ गेम’वर टिक करा. जुन्या एकाच चिपलेटच्या रायझनच्या जागी हा बसवला असेल आणि इतकं करूनही फरक पडला नाही, तर विंडोज नव्याने टाकणंच बरं.

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी थोडे पैसे वाचवायला इंटेलचं ‘एफ’ मॉडेल घेऊ नये. उदाहरणार्थ, कोअर अल्ट्रा ७ २६५केएफमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे व्हिडिओ झटपट उलगडणारं क्विक सिंकही नाही. अनेक कॅमेऱ्यांचं एचईव्हीसी ४:२:२ १०-बिट (जास्त रंगमाहितीचं) फुटेज टाइमलाइनवर अडखळतं ते बऱ्याचदा यामुळेच. अंगचं ग्राफिक्स असलेला २६५के घेतला असेल तर बायोसमध्ये अंगचं ग्राफिक्स चालू आहे ना, तेही बघा. वेगळं कार्ड लावल्यावर काही बोर्ड ते बंद करतात.

एएम५ (रायझनच्या या प्रोसेसरांचा सॉकेट) बोर्डावर रॅमच्या चार पट्ट्या लावू नका. चारही ड्युअल रँक (चिपचे दोन संच असलेल्या) असतील तर रॅमचा अधिकृत वेग ३६०० एमटी/से. पर्यंत खाली येतो. ३२ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० पट्ट्या घ्या, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. तेव्हा मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेण्याचं काम) चालू असतं. घाबरून पॉवर बंद करू नका.

सेकंडहँड इंटेल १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ घेताना विशेष जपा. जादा व्होल्टेजमुळे यातल्या अनेक चिप खराब झाल्या. गेम सुरू होताना, शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होत असताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा एरर येत असेल तर दोष कार्डाचा नसून प्रोसेसरचा असू शकतो. बोर्डावर २०२४च्या अखेरीचं किंवा त्यानंतरचं बायोस हवंच. त्याने पुढची झीज रोखता येते, झालेली भरून निघत नाही. यातल्या बॉक्स्ड (डब्यात सुट्या विकलेल्या) चिपची वॉरंटी इंटेलने ३ वरून ५ वर्षांवर नेली आहे, त्यामुळे मूळ बिल मागूनच व्यवहार करा.