थोडेच महिने उरले असतील तर

"आता घरी न्या," असं डॉक्टरांनी सांगितलं की घर पाहुण्यांनी भरतं, आणि ज्याच्यासाठी सगळे जमतात त्याच्याशीच कुणी धड बोलत नाही.

आधी दुखणं आटोक्यात आणा. कळा येत असताना मायेचे शब्द कानावरून जातात. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन अर्ध्या तासात लागू पडायला लागतं आणि साधारण 4 तास पुरतं. त्यामुळे दुखायची वाट न बघता ते लिहून दिलेल्या वेळेलाच द्या, आणि गप्पा डोसनंतर तासाभराने. पोट साफ व्हायचं औषधही पहिल्या दिवसापासून मागून घ्या. मॉर्फिनने शौचाला खडा होतो, मग माणूस त्यानेच हैराण.

भेटायला एका वेळी दोघं, 15 मिनिटं. त्यासाठी दाराशी एखादी खमकी वहिनी बसवा. पायथ्याशी उभं राहून चौकशी नको, खुर्ची ओढून हात हातात घ्या. माणूस ग्लानीत असला तरी त्याच्यादेखत कुजबुजू नका. ऐकू येत असू शकतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते खाण्यात. "दोन घास तरी घ्या" हे प्रेमच, पण शेवटी शेवटी शरीराला अन्न नको असतं. गिळणं मंदावलं की घास श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो. मागितलं तरच द्या, चमच्याने, बसतं करून. एरवी ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसत राहा.

उपचार कुठे थांबवायचे हे त्यांच्याच तोंडून ऐका आणि लिहून ठेवा. 2023 पासून अशा इच्छापत्राला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

आता बोलायचं काय? "माझं तुमच्यावर प्रेम आहे" हे आपल्या घरांत नाटकी वाटतं, तर नका म्हणू. "काही चुकलं असेल तर माफ करा" हेही पोकळच. नेमकं बोला: "माझ्या फीसाठी पाटल्या मोडल्या होत्यात, ते विसरले नाही."

मागे ठेवायला त्यांचा आवाज रेकॉर्ड करताना पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर, दहाच मिनिटं. "आठवणी सांग" म्हटलं की माणूस गप्प होतो. "लोणच्याची फोडणी किती गार झाल्यावर घालायची?" असं विचारा. त्याच दिवशी दुसऱ्या फोनवर कॉपी करून ठेवा. मधला खोकला, "अगं, दूध उतू जातंय बघ" वगैरे कापू नका.