नाशिकमध्ये डीजे व्हायचंय? घरच्या टेबलापासून पहिल्या सुपारीपर्यंत

नाशिकमध्ये कुणालाही सांगा, "मी डीजे आहे." समोरचा विचारतो, "किती बेस, किती टॉप?" म्हणजे खालच्या सुरांचे स्पीकर किती आणि वरच्या सुरांचे किती. आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेले स्पीकर, आणि गाणी लावणारा पोरगा त्यांच्या मागे कुठेतरी उभा. हा लेख त्या पोरासाठी आहे. मुलींसाठीही आहे. हळदीत बायकांच्या घोळक्यासमोर डीजे मुलगी असली की घरच्या बायका किती मोकळेपणाने नाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दहा-बारा वर्षं हे काम करतोय. नवी मुलं एकच चूक पुन्हा पुन्हा करतात. सामान आधी घेतात आणि कान तयार करायचं राहून जातं.

१. खरेदीआधी मोजायला शिका

पहिले पंधरा दिवस एक रुपयाही खर्च करू नका. गाणं लावा, पायाने ठेका धरा आणि मोजा: एक, दोन, तीन, चार. नाचाच्या बहुतेक गाण्यांत चार ठोक्यांचा एक बार असतो. साधारण आठ बार, म्हणजे ३२ ठोके झाले की गाणं कूस बदलतं. कधी ढोल सुरू होतो, कधी गायक येतो, कधी बेस निघून जातो. हे वळण येण्याआधी अंगाला कळू लागलं की मिक्सिंगचं निम्मं काम झालं, कारण पुढचं गाणं आत आणायचं ते याच जागी.

मग सहाच्या ठेक्याकडे या. गरब्याचा हिंच सहा मात्रांचा असतो, आणि कितीतरी कोळीगीतं त्याच डोलात चालतात. चारच्या गाण्यावर सहाचं गाणं चढवलं तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. काय बिघडलं ते त्यांना सांगता येत नाही, पण ते थांबतात आणि खुर्च्यांकडे वळतात.

तिसरी गोष्ट जुन्या गाण्यांची. ज्या गाण्यांत खरी माणसं खरा ढोलक वाजवत होती, त्यांचा वेग शेवटपर्यंत एकसारखा राहत नाही. कडव्यागणिक थोडा चढतो, थोडा उतरतो. दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअरचं सिंक बटण तिथे फसतं. अशी गाणी दुसऱ्यावर लांबवर चढवू नका. ओळ पूर्ण होऊ द्या, शेवटच्या शब्दाला इको द्या आणि पुढचं गाणं पहिल्याच ठोक्यावर सोडा. पन्नाशीच्या मावश्या ज्या गाण्यांवर उठतात ती बहुतेक अशीच असतात, म्हणून हे आधी शिका.

२. सामान कमी घ्या, कामाचं घ्या

स्पीकर, अँप्लिफायर, लाइट यांत सुरुवातीला पैसे घालू नका. ते साउंडवाल्याचं काम, आणि ते भाड्याने मिळतं. तुम्हाला लागतो एक लॅपटॉप, दोन चॅनलचा कंट्रोलर (लॅपटॉपवरची दोन गाणी हाताने चालवायचं यंत्र) आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. पहिला महिना तर माउसवरही निघतो. व्हर्च्युअल डीजे हे सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी फुकट मिळतं, त्यावर दोन गाणी जुळवून बघा. महिनाभरानंतरही रोज बसावंसं वाटत असेल, तरच कंट्रोलर घ्या. पायोनियर, हर्क्युलिस, न्यूमार्क या कंपन्यांचे सुरुवातीचे कंट्रोलर पुरेसे आहेत. पहिल्या वर्षी चाळीस हजारांच्या वर जाऊ नका, आणि कर्ज तर काढूच नका.

जुना घेत असाल तर चार गोष्टी तपासा. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) सरकवताना खरखर येते का, यूएसबीची पिन ढिली आहे का, जॉग व्हील (गाणं पुढे-मागे करायची गोल चकती) अडखळतं का, आणि हेडफोनमध्ये पुढचं गाणं वेगळं ऐकू येतं का. ही शेवटची सोय नसेल तर ते यंत्र स्वस्तातही घेऊ नका. लोक एक गाणं ऐकत असताना तुम्ही दुसरं जुळवत असता, सगळं काम त्यावरच उभं आहे.

३. गाण्यांची मांडणी

यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं घरच्या ब्लूटूथ स्पीकरवर बरं वाटतं. तेच अठरा इंची बेसवर लावलं की पोकळ आणि किरकिरं वाजतं. ३२० केबीपीएस एमपी३ किंवा वॅव्ह फाइल विकत घ्या. दर महिन्याला वीस गाणी घेतलीत तरी वर्षात अडीचशेच्या जवळ जाता.

फोल्डर प्रकारानुसार लावू नका, प्रसंगानुसार लावा: हळद, वरात, पंगत, संगीत, गरबा, शेवटचा अर्धा तास. आणि नाशिकमध्ये काम करायचं तर अहिराणीचा फोल्डर हवाच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे खानदेशातली कितीतरी कुटुंबं सिडकोत स्थायिक झाली आहेत, शिवाय बागलाण-मालेगावकडची मंडळी शहरात आहेतच. माझ्या पहिल्या हळदीत, सिडकोतच, मी तयारीने उभा होतो. हिंदी-पंजाबी सगळं होतं. नवरदेवाच्या आत्याने अहिराणी गाणं मागितलं आणि माझ्याकडे एकही नव्हतं. कुणीतरी मोबाइल जोडून ते लावलं, आणि त्या रात्रीची सगळ्यात मोठी गर्दी त्या मोबाइलवर नाचली. दुसऱ्या दिवसापासून मी साउंडवाल्याच्या हेल्परला सोबत बसवून अहिराणी गाणी ऐकायला लागलो. भीमगीतं, कोळीगीतं, ढोल-ताशाचे तुकडे, संबळ यांचंही तसंच. यादी इंटरनेटवरून घेऊ नका, त्या घरातल्या माणसांना विचारा.

४. रोजचा एक तास

पहिला नियम असा की एका वेळी एकच बेस. दोन्ही गाण्यांचे खालचे सूर एकत्र वाजले की आवाज गढूळ होतो. नवं गाणं आत आणताना त्याचा लो नॉब (खालचे सूर कमी-जास्त करणारं बटण) पूर्ण खाली ठेवा. ३२ ठोक्यांच्या वळणावर जुन्याचा लो खाली आणि नव्याचा वर, एकाच हालचालीत. हे हातात बसायला मला तीन महिने लागले.

दुसरा नियम, लाल दिवा लागू द्यायचा नाही. मीटर लाल झालं की आवाज वाढत नाही, फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजाने साउंडवाल्याचे टॉप जळतात. ज्याचे टॉप तुमच्यामुळे जळले तो तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही.

सूर जुळवण्यासाठी सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याला ८ए, ९ए, ८बी असे क्रमांक देतं. शेजारचा क्रमांक, किंवा तोच क्रमांक दुसऱ्या अक्षराचा, सहसा गोड लागतो. हे मदतीला घ्या, त्यावर विसंबू नका. नाचणारी माणसं आधी ठेका ऐकतात.

रोजचा तास रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. रात्री झकास वाटलेलं मिक्स सकाळी वेगळंच ऐकू येतं.

५. साउंडवाल्याच्या गाडीत बसा

ही पायरी कुणीही सोडू नये. एखाद्या साउंड सर्व्हिसवाल्या दादांना सांगा, "एक सीझन फुकट वायरी ओढतो, मला बघू द्या." बहुतेक जण हो म्हणतात, कारण हात कमीच असतात. सुरू करताना मिक्सर आधी आणि अँप्लिफायर शेवटी, बंद करताना उलट, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो. दोन बेसपैकी एकाची वायर उलटी जोडली गेली तर बेस वाढायच्या ऐवजी गायब होतो. जनरेटर बदलताना लॅपटॉप नेहमी बॅटरीवर तयार हवा. अर्थिंग नसेल तर गुणगुण येते आणि कधी शॉकही बसतो. हे सगळं कोणत्याही कोर्सपेक्षा तिथे लवकर कळतं.

आणि पहिलं पैशांचं काम इथूनच येतं. लग्नाची दाट तिथी असली की एका साउंडवाल्याकडे एका दिवशी पाच-पाच ऑर्डरी असतात आणि डीजे दोनच. त्या दिवशी तो ज्याला ओळखतो त्याला फोन करतो. माझी पहिली सुपारी अशीच आली, १५०० रुपयांची, मखमलाबाद शिवारातल्या एका वाडीत.

६. रात्री दहापासून उलटं मोजा

नाशिकच्या डीजेचं खरं कसब इथे लागतं. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. बंद हॉलला सूट आहे, पण गंगापूर रोडची किंवा छत्रपती संभाजीनगर रोडची लॉन्स उघडी आहेत. लॉन म्हणजे बंद हॉल नव्हे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस बहुतेक सणांत जातात.

म्हणजे पत्रिकेवर हळद सातची असो, पाहुणे सव्वाआठला येवोत, तुमची रात्र दहाला संपणार. मग गणित उलटं करायचं. शेवटची दहा मिनिटं घरच्या सगळ्यांना एकत्र ओढणाऱ्या गाण्यांची. त्याआधीची तीस-चाळीस मिनिटं तरुण मुलांची, सगळ्यात जोरकस. त्याआधी बायकांची जुनी-नवी मिसळ. आणि सुरुवातीला, मंडपात चार लहान मुलंच धावत असताना, हलका आवाज आणि ओळखीची गाणी. नवा डीजे घाबरून आपली सगळ्यात गाजलेली गाणी साडेसातलाच खर्च करतो आणि नऊला हात रिकामे. मी ते केलंय. त्या रात्री शेवटचा तास लांबलचक वाटला होता.

वाजवताना लॅपटॉपकडे कमी बघा, पायांकडे जास्त. गाणं बदललं आणि पहिल्या आठ ठोक्यांत पाय चालू राहिले तर बरोबर आहात. कडेची माणसं आत सरकत असतील तर त्याच प्रकारची अजून दोन गाणी द्या. मधली माणसं कडेला निघाली तर गाणं पूर्ण व्हायची वाट बघू नका. फर्माईश आली की "दादा, दोन गाण्यांनंतर लावतो" म्हणा आणि बसत असेल तर खरंच लावा. पण कुणाचाही मोबाइल कन्सोलला जोडू देऊ नका. जातीधर्माला डिवचणारं गाणं कोणी कितीही पैसे दिले तरी लावू नका. मिरवणुकीत तर मुळीच नाही, तिथे एका ओळीवरून डोकी फुटतात.

आवाजाच्या मर्यादाही पाठ असू द्या. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत सरकारने जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असू शकतं. लाउडस्पीकरची परवानगी यजमान काढणार की साउंडवाला, हे आठवडाभर आधी विचारा. आणि स्वतःच्या कानांत इअरप्लग घाला. अमेरिकेतल्या निओश या आरोग्य संस्थेच्या मापाने ८५ डेसिबलला ८ तास सुरक्षित, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. आपण त्या आवाजात तास-तास उभे असतो. गेलेले कान परत येत नाहीत, आणि आपल्या धंद्यात कुणी याबद्दल बोलत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

७. पैशांचं बोलणं

फुकट वाजवायचं ते तीनदाच: सोसायटीचा गणपती, मामेभावाचा वाढदिवस, कॉलेजचं गॅदरिंग. चौथ्यापासून पैसे घ्या, थोडे का होईना. आकडा ठरवताना पेट्रोल, हेल्परचा रोज, गाण्यांचा महिन्याचा खर्च आणि कंट्रोलरची झीज आधी लिहा, त्यावर तुमचे तास. इतरांपेक्षा स्वस्त असणं ही ओळख होऊ देऊ नका, ती पुढे पुसता येत नाही.

निम्मा विसार घेतल्याशिवाय तारीख पक्की धरू नका. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज पाठवा: तारीख, जागा, किती ते किती, साउंड कोणाचा, परवानगी कोणाची, उरलेले पैसे कधी. उरलेले पैसे शेवटचा तास सुरू व्हायच्या आधी घ्या. कार्यक्रम संपल्यावर घरचे निरोपात आणि पाहुण्यांत गुंततात, तेव्हा पैसे मागणं दोघांनाही अवघड जातं. एकदा एका यजमानांकडे मी चार महिने फेऱ्या मारल्या, तेव्हापासून हा नियम.

हॉटेल किंवा कॅफेत वाजवायचं असेल तर पीपीएल, आयपीआरएस या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने आयोजकाने घेतले आहेत का ते लेखी विचारा. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, थर्टी फर्स्टच्या पार्टीला नाही.

दोन-तीन सीझन हळदी झाल्या की इगतपुरी, त्र्यंबक रोडची रिसॉर्टं आणि वाइनरीकडची कामं खुणावतात. तिथला पाहुणा मुंबई-पुण्याचा असतो, मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांच्या वेगातलं हाऊस संगीत ऐकतो, आणि तिथे काम मिळवायला मिनिटभराचा सफाईदार नमुना पुरत नाही. तासाभराचं न तुटलेलं रेकॉर्डिंग तयार ठेवा. मोठ्या ठिकाणी त्यांचेच प्लेअर असतात, म्हणून गाणी रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमधून पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा ठेवा, तो जुने प्लेअरही वाचतात. दोन पेन ड्राइव्ह न्या, दोन्ही घरी तपासून. आरसीए आणि एक्सएलआर, दोन्ही वायरी पिशवीत असू द्या.

आषाढी ते कार्तिकी एकादशी फारशी लग्नं नसतात. गणपती आणि नवरात्र सोडले तर हे चार महिने रिकामे जातात, तेव्हाच फोल्डर साफ करा, नवी गाणी शोधा, यंत्र सर्व्हिसला द्या. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली दाट तिथी कोणती ते कॅलेंडरात बघून ठेवा आणि त्याच्या पंधरा दिवस आधी साउंडवाल्या दादांना फोन करा.