दिवाळीला घर बंद करून निघताना: कुलपाआधी कोयंडा बघा

दिवाळी जवळ आली की बडोद्यातल्या रावपुऱ्यात आमच्या हार्डवेअरच्या दुकानात एकच मागणी सुरू होते, "ताई, सगळ्यात भारी कुलूप दाखवा." कोणी पुण्याला सासरी निघालेलं असतं, कोणी कोकणात, कोणी मुलाकडे बंगळूरला. कुलूप काढण्याआधी मी विचारते, कोयंडा कशाने बसवलाय? याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं, आणि बंद घर टिकतं की नाही ते बरंचसं तिथेच ठरतं.

कुलूप घ्यायला निघण्याआधी दार उघडून कडी-कोयंड्याच्या पट्ट्या नीट बघा. बहुतेक ठिकाणी अर्ध्या-पाऊण इंचाचे स्क्रू असतात, लाकूड आतून वाळवीने पोखरलेलं असतं. कोयंड्यात पहार अडकवून एक हिसका दिला की स्क्रू भुश्श्यासकट बाहेर येतात. चोरी झाल्यावर दार दुरुस्त करायला माणसं सामान घ्यायला येतात, तेव्हा त्यांच्या हातात पुष्कळदा न तुटलेलं, बंदच्या बंद कुलूप असतं. उखडलेला कोयंडा त्यालाच लोंबकळत असतो.

हे टाळायला सुताराचं तासाभराचं काम पुरतं. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांना दोन फळ्यांची दारं आहेत, तिथे स्क्रू काढून आरपार भोक पाडा. बाहेरून गोल डोक्याचा बोल्ट घाला, आतून वॉशर लावून नट आवळा. गोल डोक्याला पाना धरत नाही की पेचकस लागत नाही. नटाखाली आतल्या बाजूने लोखंडी पट्टी घातली तर फळी फाटून बोल्ट निघायची भीती जाते. चौकटीत आरपार बोल्ट बसत नसेल तर तिथे किमान अडीच इंची स्क्रू हवेत. आणि कडी अशी निवडा की ती लागल्यावर पट्टीखाली बोल्टांची डोकी झाकली जातील.

मग कुलूप. मोठं दिसणारं कुलूप चांगलंच असतं असं नाही. त्याची कमान किती उघडी राहते ते बघा, कारण कटर आणि पहार तिथेच चालतात. थाळीसारख्या गोल कुलपात कमान जेमतेम दिसते, म्हणून ते मी आधी दाखवते. नाइट लॅच असेल तर नुसतं दार ओढून जाऊ नका. ओढून लागलेल्या लॅचची जीभ स्प्रिंगवर असते, फटीतून पातळ पट्टी घातली की मागे सरते. बाहेरून किल्ली पुन्हा फिरवून डबल लॉक करा, मग जीभ जागची हलत नाही.

बाहेर जाळीचं दार असेल तर कुलूप आतल्या बाजूला येईल असं लावा आणि मागे पडदा सोडा. रस्त्यावरून लोंबतं कुलूप दिसलं की घरात कोणी नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आयतंच कळतं. अंगणातली शिडी, पहार, कुदळ आत घ्या. चोराला हत्यार आपल्याच घरून मिळायला नको.

गच्चीकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. वाडी, नवापुरा या भागांत गच्च्या एकमेकींना लागून आहेत. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंगामागे पोरं चार घरं ओलांडतात, तीच वाट रात्री दुसऱ्या कोणालाही मोकळी असते. गच्चीच्या दाराला मात्र पत्र्याची एक हलकी कडी! त्याला आतून जाड अडसर लावा. मोरीच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या बाहेरून एकेक करून सरकवून काढता येतात, तिथे गज हवेतच. दिवाळीचाच आणखी एक धोका म्हणजे रॉकेट. गॅलरीतले खोके, वाळलेली झाडं, दोरीवरचे कपडे काढा आणि त्या बाजूच्या खिडक्या घट्ट लावा.

आता शेजार. आपल्या बडोद्यात पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत बाजार बंद, शाळांना सुटी, गुजराती शेजारीही फिरायला गेलेले. ज्यांच्या भरवशावर तुम्ही निघालात, तेच अबूला असतील. म्हणून धनत्रयोदशीच्या आधी गल्लीतल्या चार-पाच घरांनी बसून कोण कधी इथे आहे ते ठरवावं. एकाची पाळी भाऊबिजेपर्यंत, मग दुसऱ्याची. जो असेल त्याने रोज दारासमोरचा कचरा, पत्रकं उचलावीत, कुरियर आलं तर घ्यावं. त्या दिवसांत एक खूण फार नजरेत भरते. सगळ्यांच्या दारात रांगोळी आणि एकच उंबरा कोरा! शेजारच्या वहिनींना सांगून ठेवा, तुमच्या दाराशीही रोज चार रेघा ओढायला. आकाशकंदील काढू नका. त्यात एलईडी दिवा घाला आणि टायमरवर लावा, म्हणजे संध्याकाळी लागेल आणि रात्री विझेल. भर दुपारी जळणारा कंदील घर रिकामं असल्याचं सांगतो. पेपर, दूध बंद करायला विसरू नका. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. जवळच्या पोलीस ठाण्यात घराचा पत्ता आणि तारखा कळवा.

दागिन्यांचं गणित लक्ष्मीपूजनामुळे बिघडतं. पूजेसाठी लॉकरमधून सगळं घरी येतं, पुढे बँकेला सुट्या लागतात आणि माणसं गाडीत बसतात. निघायचं असेल तर अंगावर घालायचं तेवढंच काढा, बाकीचं तिथेच राहू द्या. घरात ठेवायचंच असेल तर कपाटाची किल्ली साड्यांच्या घडीत ठेवू नका, तिथे चोर सगळ्यात आधी हात घालतो. लॉकरचा करारही वाचा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार बँकेच्या हलगर्जीमुळे चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते. म्हणजे दागिन्यांचे फोटो आणि बिलं आपल्याकडे असायलाच हवीत.

पावसाळ्यात जात असाल आणि घर विश्वामित्री नदीच्या बाजूला तळमजल्यावर असेल, तर कुलपाइतकीच पाण्याची काळजी घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुटीच्याच दिवसांत पूर आला होता. कागदपत्रं आणि इन्व्हर्टर उंचावर ठेवा, मेन स्विच बंद करा, फ्रिज रिकामा करून दार किलकिलं ठेवा. गॅसचा मुख्य कॉक कुठल्याही ऋतूत बंदच हवा.

परत आल्यावर दार उघडं किंवा कोयंडा उखडलेला दिसला तर आत जाऊ नका. चोर अजून आत असू शकतो, आणि हात लावला की ठसे पुसले जातात. बाहेर उभं राहून ११२ ला फोन करा. पोलीस येऊन गेल्यावरच सामान तपासा आणि गेलेल्या वस्तूंची यादी फोटोंसह द्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, विम्याच्या दाव्याला ती लागते, तेव्हा ती हातात घेऊनच ठाण्यातून निघा.